औषधाची परीक्षा

घरात एखाद्याला ताप येतो. वडीलधारी माणसे काढा करून देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. काढ्याने गुण आला, असे घरातील सर्वांचे मत होते आणि पुढच्या खेपेस तोच काढा पुन्हा उकळला जातो. परंतु ताप काढ्याने उतरला, की तिसऱ्या दिवशी तो आपोआप उतरणारच होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारला तरी त्याचे उत्तर सापडत नाही. कारण त्याच माणसाला, त्याच दुखण्यात, काढा दिलाच नसता तर काय झाले असते, हे पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः वैद्यकशास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी तो एक आहे. युरोपात कित्येक शतके तापापासून वेडापर्यंत अनेक विकारांवर रुग्णाची शीर कापून रक्त काढीत असत. ते वैद्य मूर्ख नव्हते, लबाडही नव्हते. रक्त काढल्यानंतर पुष्कळ रोगी बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जे दगावले त्यांचा रोगच असाध्य होता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अनुभव भरपूर होता. तुलना मात्र नव्हती. ही तुलना पद्धतशीरपणे करण्याची जी रीत आहे तिला औषधचाचणी किंवा क्लिनिकल ट्रायल म्हणतात. ती कशी निर्माण झाली, मधुमेह आणि अल्झायमर यांसारख्या दीर्घकालीन विकारांत तिने काय शिकविले आणि तिच्यात भाग घेणाऱ्या माणसाचे रक्षण कसे केले जाते, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

अनुभव फसवितो तो कसा?

अनुभवाने माणसाची फसगत होण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले असे, की अनेक दुखणी आपोआप बरी होतात आणि जी कायमची असतात तीही कमीअधिक होत राहतात. सांधे फार दुखू लागले म्हणजेच माणूस औषध घेण्यास जातो. दुखणे कळसाला पोहोचले म्हणजे पुढे ते बहुधा उतरणीलाच लागते. त्या उतरणीचे श्रेय औषधाला मिळते.

दुसरे कारण विश्वास हे होय. आपल्याला औषध मिळाले, डॉक्टरांनी आपली विचारपूस केली, एवढ्यानेच वेदना, निद्रानाश, मळमळ यांसारख्या तक्रारी कमी झाल्यासारख्या वाटतात. हा परिणाम काल्पनिक नव्हे. रुग्णाला खरोखरच बरे वाटते. परंतु तो त्या विशिष्ट औषधाचा गुण नसतो.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. नवे औषध कोणाला द्यावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले, तर नकळत ते ज्यांची आशा आहे अशा रुग्णांना दिले जाते. मग औषध घेतलेले रुग्ण अधिक संख्येने वाचतात. पण ते औषधामुळे वाचले की मुळातच धडधाकट होते म्हणून वाचले, हे सांगता येत नाही.

या तिन्ही फसगतींवर उपाय एकच. सारख्या स्थितीतील रुग्णांचे दोन गट करावयाचे, एका गटाला नवे औषध द्यावयाचे, दुसऱ्याला द्यावयाचे नाही, आणि बाकी सर्व गोष्टी शक्य तितक्या समान ठेवून दोघांची तुलना करावयाची.

बारा खलाशी

अशा तुलनेचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण १७४७ सालचे आहे. ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड हा ‘सॅलिसबरी’ नावाच्या युद्धनौकेवर होता. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजून कुजत, अंगावर डाग पडत, शक्ती नाहीशी होई आणि अखेर मृत्यू येई. लिंडने या रोगाने आजारी असलेले बारा खलाशी निवडले. त्यांची स्थिती होता होईल तो सारखी होती. त्या सर्वांना त्याने एकाच जागी ठेविले, एकच अन्न दिले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबविलेली दारू, दुसरीला पाणी घातलेले गंधकाम्ल, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला संत्री व लिंबे आणि सहावीला लसूण, मोहरी वगैरेंचे चाटण. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला. परंतु तेवढ्या अवधीत फळे खाणाऱ्या दोघांपैकी एकजण कामावर रुजू होण्याजोगा झाला होता आणि दुसरा इतर सर्वांपेक्षा पुष्कळच सुधारला होता.

लिंडने हा वृत्तान्त १७५३ साली प्रसिद्ध केला. तथापि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमित पुरविण्यास सुरुवात केली ती १७९५ साली! मधल्या बेचाळीस वर्षांत किती खलाशी या टाळता येण्याजोग्या रोगाने मेले असतील, याचा विचार केला म्हणजे पुरावा मिळविणे हे अर्धेच काम आहे, तो मान्य होणे हे उरलेले अर्धे, ही गोष्ट पटते.

चिठ्ठ्या आणि पाकिटे

लिंडच्या तुलनेत एक उणीव होती. कोणाला काय द्यावयाचे हे त्याने स्वतः ठरविले होते. ही उणीव दूर झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत १९४३ साली शोधले गेले होते. प्रयोगशाळेत ते क्षयाच्या जंतूंवर गुणकारी ठरले. ब्रिटनमध्ये क्षयरोगी हजारोंनी होते आणि युद्धानंतरच्या टंचाईमुळे औषध मात्र थोड्याच रुग्णांना पुरेल इतके मिळत होते. अशा वेळी तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरविले, की जे थोडे औषध आहे ते अशा रीतीने वापरावे, की त्याचा गुण निर्विवादपणे कळून येईल.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने त्यासाठी योजना आखली. कोणत्या रुग्णाला औषध द्यावयाचे आणि कोणाला केवळ अंथरुणावर विश्रांती द्यावयाची, हे ना डॉक्टरांनी ठरवावयाचे, ना रुग्णाने. ते यदृच्छेने, म्हणजे नाणे उडवावे त्याप्रमाणे, आकड्यांच्या तक्त्यावरून ठरविण्यात आले आणि बंद पाकिटांत घालून ठेवण्यात आले. रुग्ण चाचणीत दाखल झाल्यावरच त्याचे पाकीट उघडावयाचे. यालाच यदृच्छ वाटणी म्हणतात. तिचा मोठा गुण असा, की वय, रोगाची तीव्रता, पोषण या ज्ञात गोष्टी तर दोन्ही गटांत समप्रमाणात वाटल्या जातातच. पण ज्यांची कोणालाच कल्पना नाही अशा गोष्टीही बहुतांशी समान वाटल्या जातात.

क्ष-किरण छायाचित्रे तपासणाऱ्या तज्ज्ञांना कोणते चित्र कोणत्या गटातील रुग्णाचे, हे कळू दिले नव्हते. इच्छा असो वा नसो, माणसाला जे दिसावेसे वाटते ते दिसते. म्हणून ही खबरदारी. पुढे यातूनच ‘दुहेरी अंध’ पद्धत रूढ झाली. तीत औषध आणि औषधासारखीच दिसणारी निर्गुण गोळी, म्हणजे प्लासीबो, यांपैकी काय दिले आहे हे रुग्ण व डॉक्टर या दोघांनाही माहीत नसते. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत मात्र दुसऱ्या गटाला पाण्याची इंजेक्शने टोचली नाहीत. महिनोन्महिने, दिवसातून चार वेळा, निरुपयोगी सुया टोचणे हा छळ झाला असता.

१९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ मृत्यू पावले होते. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी १४. औषध गुणकारी होते, यात शंका उरली नाही. परंतु चाचणीने आणखीही एक गोष्ट दाखविली. काही महिन्यांनी पुष्कळ रुग्णांच्या जंतूंवर औषधाचा परिणाम होईनासा झाला आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचे अंतर बरेच कमी झाले. एकच औषध पुरे नाही, जोडीला दुसरे हवे, हा धडा यातूनच मिळाला.

येथे एक गोष्ट लपविता कामा नये. या चाचणीत ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांना आपण तुलनेच्या गटात आहोत हे सांगितलेच नव्हते. त्या काळी यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. आज असे करता येणार नाही.

मद्रासचा प्रयोग

क्षयरोगाची याहूनही महत्त्वाची एक चाचणी भारतात झाली. त्या काळी क्षयाच्या रुग्णाला आरोग्यधामात ठेवून विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार देणे, ही सर्वमान्य चिकित्सा होती. परंतु देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा हजारांनी. १९५६ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्या सहकार्याने मद्रास येथे क्षयरोग केमोथेरपी केंद्र स्थापन झाले. शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची यदृच्छेने वाटणी करण्यात आली. काहींना आरोग्यधामात ठेविले, काहींना आपापल्या घरी. औषधे दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, एक वर्षभर.

घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, जागा अपुरी होती आणि पुष्कळांना विश्रांतीही नव्हती. ते मागे पडतील असेच कोणालाही वाटले असते. १९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळे होते. वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरी राहिलेले शेकडा ८६ रुग्ण जंतुमुक्त झाले होते. घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नव्हते. विश्रांती आणि आहार यांपेक्षा औषधे नियमाने पोटात जाणे हेच निर्णायक होते. या एका चाचणीने, जे उपचार भाग्यवंतांनाच लाभत, ते घरोघरी नेता येतील असा विश्वास निर्माण केला आणि जगभरची क्षयचिकित्सा रुग्णालयाच्या खाटेवरून रुग्णाच्या घराकडे वळली.

मधुमेह : समजुतीची कसोटी

काही औषधांचा गुण इतका उघड असतो, की त्यासाठी तुलनेचा गट लागत नाही. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलास इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यात आले. पहिल्या अर्कात दोष होता. अधिक शुद्ध केलेल्या अर्काने त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. तोवर असा रोग झालेली मुले फार काळ जगत नसत. इन्सुलिनने त्यांना जीवदान दिले.

परंतु जीव वाचल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. पंधरा-वीस वर्षांनी या रुग्णांचे डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू निकामी होऊ लागले. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर हे टळेल काय? पुष्कळ डॉक्टर होय म्हणत, काही नाही म्हणत आणि हा वाद कित्येक दशके चालला. त्याचा निकाल १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडा येथे १४४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीने लावला. एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला दिवसातून अनेकदा इन्सुलिन व साखरेची वारंवार तपासणी, अशी वाटणी होती. काटेकोर उपचारांच्या गटात, ज्यांचे डोळे प्रारंभी निर्दोष होते अशांमध्ये, नेत्रपटलाचा विकार होण्याचा धोका सुमारे शेकडा ७६ ने घटला. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरलेल्या मुदतीपूर्वीच थांबवून सर्वांना काटेकोर उपचारांचा सल्ला देण्यात आला. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग या गटात सुमारे तिप्पट आले, हेही चाचणीनेच नोंदविले.

मग साखर जितकी खाली तितके बरे, असे म्हणावयास काय हरकत आहे? हे अनुमान सरळ दिसते. पण अमेरिका व कॅनडा येथेच झालेल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाच्या चाचणीने त्याला धक्का दिला. तीत प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे, हृदयविकाराचा धोका असलेले १०,२५१ रुग्ण होते. एका गटाची साखर निरोगी माणसाच्या पातळीपर्यंत उतरविण्याचा प्रयत्न होता. साडेतीन वर्षांच्या सुमारास असे दिसून आले, की या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि सौम्य उद्दिष्ट असलेल्या गटात २०३. २००८ च्या फेब्रुवारीत तो अतिकाटेकोर उपचार थांबविण्यात आला. चाचणी झाली नसती तर हा उपचार सद्‌हेतूने लाखो वृद्ध रुग्णांना दिला गेला असता आणि त्यामुळे होणारे मृत्यू मधुमेहाच्याच खात्यावर जमा झाले असते.

मधुमेह होण्यापूर्वीच त्याला अडविता येईल काय, याची परीक्षा भारतातही झाली. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांची साखर वाढू लागली आहे परंतु ज्यांना अद्याप मधुमेह झालेला नाही, अशा ५३१ व्यक्तींचे चार गट केले. पहिल्याला सर्वसाधारण सल्ला. दुसऱ्याला आहार व चालण्याचा व्यायाम यांबाबत सतत मार्गदर्शन. तिसऱ्याला मेटफॉर्मिन हे स्वस्त औषध. चौथ्याला मार्गदर्शन आणि औषध दोन्ही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत पहिल्या गटातील शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला; इतर तीन गटांत हे प्रमाण अनुक्रमे ३९.३, ४०.५ आणि ३९.५ होते. चालणे आणि आहार यांनी गोळीइतकेच काम केले आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही साधले नाही.

आकडे कसे वाचावे?

याच उदाहरणावरून आकडे वाचण्याची रीत शिकता येते. ५५ वरून ३९.३ म्हणजे धोका शेकडा सुमारे २९ ने घटला, असे म्हणता येते. शंभरांपैकी सुमारे १६ जणांचा मधुमेह तीन वर्षांपुरता टळला, असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. पण पहिले अधिक भारदस्त वाटते. जाहिरातीत बहुधा तेच असते. दुसऱ्या विधानावरून असे कळते, की सुमारे सहा-सात जणांनी आहारविहार पाळला म्हणजे त्यांपैकी एकाचा मधुमेह टळतो. सुज्ञ वाचकाने नेहमी विचारावे : शंभरांत किती?

संख्या मोठी का लागते, हेही येथेच समजून घ्यावे. एखादे नाणे दहा वेळा उडविले आणि सात वा अधिक वेळा छाप पडला, तर त्यात नवल नाही. निर्दोष नाण्यानेही शंभरांतून सुमारे सतरा खेपा असे घडते. परंतु तेच नाणे शंभर वेळा उडवून सत्तर वेळा छाप पडला, तर ते नाणे खोटे असल्याचा संशय घ्यावा लागतो. कारण निर्दोष नाण्याने असे दहा हजार खेपांत सरासरी एकदाही घडत नाही. दहा रुग्णांपैकी सात बरे झाले, ही वार्ता आणि शंभरांपैकी सत्तर बरे झाले, ही वार्ता, यांच्या वजनात एवढा फरक आहे.

अल्झायमर : आशा आणि अपयश

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली एका स्त्री रुग्णाच्या विकाराचे वर्णन केले. तिची स्मृती नष्ट होत गेली होती आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत विचित्र गुठळ्या व गुंतवळे आढळली होती. या गुठळ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात. ते प्रथिन काढून टाकले तर रोग थांबेल, ही कल्पना सयुक्तिक होती. परंतु सयुक्तिक असणे वेगळे आणि खरे ठरणे वेगळे.

अमायलॉइडविरुद्धच्या एका लशीने उंदरांमध्ये उत्तम गुण दाखविला होता. माणसांवरील चाचणीत मात्र ती टोचलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला व त्याच्या आवरणांना सूज आली आणि २००२ साली लस देणे थांबविण्यात आले. सेमागासेस्टॅट हे दुसरे औषध ते प्रथिन तयार होऊ देत नसे. २०१० साली त्याच्या चाचण्या थांबविल्या गेल्या. कारण औषध घेणाऱ्यांची बुद्धी प्लासीबो घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने खालावत होती. अशा प्रकारे एकामागून एक औषधे अयशस्वी ठरली. हे अपयश म्हणजे चाचणीचे अपयश नव्हे. निरुपयोगी आणि अपायकारक औषध बाजारात येण्यापूर्वी ओळखले गेले, हे तिचे यशच होय.

२०२२ साली लेकॅनेमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील १७९५ रुग्णांना दीड वर्ष औषध अथवा प्लासीबो देण्यात आला. रुग्णाची आठवण, निर्णयशक्ती आणि घरातील वागणूक यांवरून गुण द्यावयाच्या अठरा अंकांच्या मोजपट्टीवर प्लासीबो गटाची स्थिती १.६६ अंकांनी बिघडली, तर औषधाच्या गटाची १.२१ अंकांनी. रोग थांबला नाही. त्याची गती काहीशी मंदावली. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा १२.६ जणांच्या मेंदूच्या चित्रणात सूज दिसून आली; प्लासीबो गटात हे प्रमाण १.७ होते. ०.४५ अंकांचा हा फरक केवळ योगायोगाचा नाही, हे गणित सांगते. परंतु आपल्या माणसाचे नाव विसरत चाललेल्या वृद्धाच्या घरी त्या फरकाची किंमत काय, हे गणिताला सांगता येत नाही. ते रुग्ण, त्याचे आप्त आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावे लागते.

परीक्षेच्या पायऱ्या

नवे औषध एकदम हजारो रुग्णांना दिले जात नाही. प्रथम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्याची तपासणी होते. त्यानंतर पहिल्या टप्प्यात थोड्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना अल्प मात्रा देऊन ते सुरक्षित आहे की नाही हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात काही थोड्या रुग्णांवर योग्य मात्रा आणि गुणाची चिन्हे शोधतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो वा हजारो रुग्णांत वर सांगितलेली तुलना होते आणि तीवरून विक्रीस परवानगी द्यावयाची की नाही हे ठरते. औषध विकले जाऊ लागल्यानंतरही चौथा टप्पा चालूच राहतो. कारण दहा हजारांत एखाद्यालाच होणारा अपाय हजार रुग्णांत बहुधा दिसतच नाही.

माणूस हे साधन नव्हे

या पद्धतीला एक काळी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर अमानुष प्रयोग केले. त्यांच्यावरील खटल्याच्या निकालात, १९४७ साली, न्यूरेंबर्ग संहिता पुढे आली. स्वखुशीने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, हे तिचे पहिलेच कलम होते. तथापि अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचारांवाचून नुसता पाहत राहण्यात आला. त्यांना खरे काय ते सांगितलेच नाही. १९६४ साली जागतिक वैद्यक संघाने हेलसिंकी येथे जाहीरनामा काढला. विज्ञानाच्या आणि समाजाच्या हितापेक्षा त्या एका रुग्णाचे हित श्रेष्ठ, हे त्याचे सार आहे. त्या जाहीरनाम्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत.

भारतात या तत्त्वांना कायद्याचे रूप मिळाले आहे. २००७ साली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. ही नोंदवही कोणासही पाहता येते. ‘अमके औषध, अमुक इतके रुग्ण, अमुक मोजमाप’ हे आधीच जाहीर केल्यामुळे नको असलेला निष्कर्ष मागाहून दडपून टाकणे कठीण होते. २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक नव्या औषधाच्या चाचणीला नोंदणीकृत नीतिसमितीची संमती लागते. या समितीत किमान सात सभासद असतात आणि त्यांत डॉक्टरांखेरीज कायदेतज्ज्ञ, स्त्री प्रतिनिधी व सामान्य नागरिकही असावे लागतात. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याला सर्व माहिती निःपक्षपाती साक्षीदारासमक्ष समजावून सांगावी लागते.

अल्झायमरच्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक असतो. ज्याची समजच ओसरत आहे तो समजून-उमजून संमती कशी देणार? अशा वेळी कायदेशीर पालक वा निकटचा आप्त संमती देतो. परंतु रुग्णाने नकार दर्शविला, सुईला पाहून हात मागे घेतला, तर त्या नकारालाही मान द्यावयाचा असतो.

संमतिपत्रापूर्वी

एखाद्या कुटुंबापुढे असे संमतिपत्र येईल तेव्हा घाई करू नये. पुढील प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ही चाचणी कशासाठी आहे आणि कोणत्या टप्प्यातील आहे? औषधाऐवजी प्लासीबो मिळण्याची शक्यता किती? चालू असलेले उपचार बंद होतील काय? चाचणीत भाग घेतला नाही तर दुसरा कोणता मार्ग आहे? आजवर कोणते अपाय आढळले? इजा झाल्यास खर्च कोणाचा? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मधेच बाहेर पडता येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘होय, केव्हाही; आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही’ असेच असले पाहिजे. तसे ते नसेल तर सही करू नये.

एक गैरसमज मात्र टाळावा. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. उपचार रुग्णासाठी असतात. चाचणी ही एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी असते. तीत भाग घेणाऱ्याचा लाभ होईलच असे नाही. कित्येकदा जो लाभ होतो तो पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णांचा असतो. मद्रासच्या त्या १९३ रुग्णांपैकी बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत. तरीही क्षयाची औषधे घेत आज जो रुग्ण आपल्या घरी, आपल्या माणसांत राहतो, तो त्यांचा ऋणी आहे.

औषधाच्या दुकानातील प्रत्येक खात्रीच्या गोळीमागे अशा अनोळखी माणसांची रांग उभी असते. ‘हे औषध चांगले आहे’ असे कोणी सांगितले, की ‘कशावरून?’ असे नम्रपणे विचारणे हे त्या माणसांच्या उपकारांचे स्मरण ठेवण्यासारखेच आहे.